शरीरस्रावांतील पेशींचा अभ्यासक : डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ

शरीरातील द्रवांमध्ये मिसळलेल्या मोजक्या पेशी काचपट्टीवर एकत्र आणायच्या, त्यांना रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे निदान करायचे, ही पद्धत आज जगभरातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांमध्ये नित्याची झाली आहे. मूत्र, थुंकी, फुफ्फुसाच्या आवरणात साचलेले पाणी, जलोदरातील द्रव, मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव अशा अनेक नमुन्यांची तपासणी या पद्धतीने होते. स्त्रियांमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केली जाणारी ‘पॅप’ चाचणी हे तिचे सर्वांत परिचित रूप होय. या चाचणीला ज्यांचे नाव मिळाले ते डॉ. जॉर्ज निकोलस पापानिकोलाऊ यांनी आयुष्याची चार दशकांहून अधिक वर्षे अशा सुट्या पेशींच्या अभ्यासात घालवली. त्यातील पहिला निष्कर्ष मांडल्यानंतर तो वैद्यकीय जगाने मान्य करेपर्यंत जवळजवळ पंधरा वर्षे गेली.

बालपण आणि शिक्षण

पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील युबिया बेटावरील कीमी या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील निकोलस हे व्यवसायाने डॉक्टर होते आणि गावाचे महापौरपदही त्यांनी भूषविले होते. आपल्या मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. जॉर्ज यांना मात्र संगीत आणि तत्त्वज्ञान यांची ओढ होती. व्हायोलिनवादनाचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले होते. तरीही वडिलांच्या इच्छेला मान देऊन त्यांनी अथेन्स विद्यापीठात वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि १९०४ साली ते उत्तम श्रेणीत पदवीधर झाले.

सक्तीची लष्करी सेवा पूर्ण करून ते गावी परतले. रुग्णसेवेत त्यांचे मन फारसे रमले नाही. सजीवांची वाढ कशी होते, नर आणि मादी हा भेद कसा ठरतो, अशा मूलभूत प्रश्नांनी त्यांना पछाडले होते. त्या काळी जीवशास्त्रातील संशोधनाचे मोठे केंद्र जर्मनी हे होते. वडिलांचे मन वळवून पापानिकोलाऊ जर्मनीत गेले. येना येथे अर्न्स्ट हेकेल, फ्रायबुर्ग येथे ऑगस्ट वाइसमान आणि म्युनिक येथे रिचर्ड हर्टविग या ख्यातनाम शास्त्रज्ञांच्या सहवासात त्यांनी अभ्यास केला. डॅफ्निया या गोड्या पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्यातील लिंगनिश्चितीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९१० साली म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

मायदेशी परतत असताना प्रवासात त्यांची आंद्रोमाखी मावरोयेनी या तरुणीशी भेट झाली आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. एका लष्करी अधिकाऱ्याची ही कन्या पुढे मेरी या नावाने ओळखली गेली. पतीच्या प्रयोगशाळेतील ती आयुष्यभराची सहकारी ठरली.

अमेरिकेकडे प्रयाण

विवाहानंतर पापानिकोलाऊ यांनी काही काळ मोनॅको येथील सागरविज्ञान संस्थेत काम केले. आईच्या निधनामुळे त्यांना ग्रीसला परतावे लागले. पाठोपाठ १९१२ साली बाल्कन युद्ध भडकले आणि सैन्याच्या वैद्यकीय पथकात त्यांना दाखल व्हावे लागले. या युद्धात लढण्यासाठी अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक ग्रीक तरुण स्वयंसेवक म्हणून आले होते. त्यांच्याकडून अमेरिकेतील संधींची माहिती मिळाल्यावर पापानिकोलाऊ यांनी तिकडे जाण्याचा निर्णय घेतला.

१९ ऑक्टोबर १९१३ रोजी हे दांपत्य न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. देशात प्रवेश मिळण्यासाठी आवश्यक तेवढेच, म्हणजे २५० डॉलर, त्यांच्यापाशी होते. दोघांनाही इंग्रजी येत नव्हते. मेरी यांना गिम्बेल्स या मोठ्या दुकानात बटणे शिवण्याचे काम मिळाले. त्याचे आठवड्याला पाच डॉलर मिळत. डॉक्टरेट मिळवलेल्या पापानिकोलाऊ यांनी त्याच दुकानात अल्पकाळ गालिचे विकले, उपाहारगृहांत व्हायोलिन वाजवले आणि एका ग्रीक वृत्तपत्रात कारकुनी केली.

त्यांच्या लिंगनिश्चितीवरील संशोधनाची माहिती प्रसिद्ध आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना होती. मॉर्गन यांच्या शिफारशीमुळे न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या विकृतिशास्त्र विभागाचे दार त्यांना खुले झाले. १९१४ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागात चार्ल्स स्टॉकर्ड यांच्या हाताखाली त्यांची नेमणूक झाली. मेरीही त्याच प्रयोगशाळेत त्यांना मदत करू लागल्या. पुढील सुमारे सत्तेचाळीस वर्षे पापानिकोलाऊ यांचे कार्यक्षेत्र हेच महाविद्यालय राहिले.

गिनीपिगवरील प्रयोग

स्टॉकर्ड हे मद्याच्या वाफेचा गिनीपिगच्या संततीवर होणारा परिणाम अभ्यासत होते. पापानिकोलाऊ यांना मात्र लिंगनिश्चितीच्या अभ्यासासाठी गिनीपिगची बीजांडे नेमक्या अवस्थेत हवी होती. मादीच्या अंडाशयातून बीजांड केव्हा बाहेर पडणार हे बाहेरून ओळखण्याचा कोणताही मार्ग त्या वेळी उपलब्ध नव्हता. त्यामुळे एकामागून एक प्राणी मारून अंडाशय तपासावे लागत आणि बहुतेक वेळा हवी ती अवस्था हुकलेली असे.

वरच्या श्रेणीतील अनेक मादी प्राण्यांमध्ये ऋतुचक्रानुसार स्राव होतो. मग गिनीपिगमध्येही तो असला पाहिजे, केवळ अत्यल्प असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नसावा, असा तर्क पापानिकोलाऊ यांनी केला. नाक तपासण्याचे एक लहान उपकरण त्यांनी मिळवले आणि त्याच्या साहाय्याने दररोज गिनीपिगच्या योनिमार्गातील स्राव घेण्यास सुरुवात केली. नुसत्या डोळ्यांना त्यात विशेष काही दिसले नाही. काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मात्र त्यातील पेशींचे आकार व प्रकार दिवसागणिक ठरावीक क्रमाने बदलत असल्याचे आढळले. अंडाशयात आणि गर्भाशयात चाललेल्या घडामोडींशी हे बदल तंतोतंत जुळत होते.

स्टॉकर्ड आणि पापानिकोलाऊ यांनी हा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. प्राण्याला इजा न करता त्याच्या शरीराच्या आतील स्थिती जाणून घेण्याचे साधन त्यामुळे हाती आले. अन्य शास्त्रज्ञांनी हीच पद्धत उंदरांवर वापरली. १९२३ साली एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातील संप्रेरकाचा प्रभाव मोजण्यासाठी अशाच स्रावपरीक्षणाचा आधार घेतला. स्त्री-संप्रेरकांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया रचण्यात या साध्या काचपट्टीचा मोठा वाटा आहे.

मानवी पेशींचा अभ्यास

प्राण्यांमध्ये यश मिळाल्यानंतर १९२० साली पापानिकोलाऊ मानवी स्रावांकडे वळले. स्त्रीच्या मासिक चक्रात पेशींमध्ये कोणते बदल होतात याची नोंद करण्यासाठी एकाच व्यक्तीचे दररोजचे नमुने दीर्घकाळ मिळणे आवश्यक होते. ही जबाबदारी मेरी यांनी स्वीकारली. सुमारे एकवीस वर्षे त्यांनी या अभ्यासासाठी आपले नमुने दिले. दिवसा त्या प्रयोगशाळेचे काम पाहत आणि त्यासोबत घराची व्यवस्थाही सांभाळत. या दांपत्याला अपत्य नव्हते. निरोगी स्त्रीच्या पेशींचे स्वरूप कसे असते याविषयीचे पापानिकोलाऊ यांचे ज्ञान बव्हंशी या नमुन्यांवर उभे राहिले. १९३३ साली मानवी ऋतुचक्रावरील त्यांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यामागे हेच परिश्रम होते.

दरम्यान, न्यूयॉर्कमधील स्त्रियांच्या रुग्णालयातून येणारे नमुनेही ते तपासत होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांच्या नमुन्यांत त्यांना काही विलक्षण पेशी दिसल्या. या पेशींचे केंद्रक प्रमाणाबाहेर मोठे, गडद आणि वेडेवाकडे होते. पेशींच्या आकारातही कोणतीच एकवाक्यता नव्हती. कर्करोगाच्या गाठीतून सुट्या झालेल्या पेशी स्रावात मिसळतात आणि त्या ओळखता येतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

स्रावांत कर्करोगाच्या पेशी आढळू शकतात, हे निरीक्षण पूर्णपणे नवे नव्हते. इंग्लंडमधील डॉक्टर लायोनेल बील यांनी १८६० सालीच एका रुग्णाच्या थुंकीत अशा पेशी पाहिल्याची नोंद आहे. परंतु ऊतीचा तुकडा काढून त्याचे पातळ काप तपासण्याची पद्धत पुढे रूढ झाली आणि सुट्या पेशींचे परीक्षण मागे पडले. निरोगी पेशींची इत्थंभूत ओळख असल्याखेरीज विकृत पेशी खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. ही ओळख पटवण्याचे काम पापानिकोलाऊ यांनी आधी केले होते.

उपेक्षेची वर्षे

जानेवारी १९२८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे वंशसुधारणेच्या विषयावर एक परिषद भरली होती. तेथे पापानिकोलाऊ यांनी कर्करोगनिदानाच्या या नव्या पद्धतीविषयी निबंध वाचला. त्याला थंड प्रतिसाद मिळाला. गर्भाशयमुखातून ऊतीचा तुकडा काढून तपासणे सहज शक्य असताना सुट्या पेशींवर विसंबण्याचे कारण काय, असा विकृतिशास्त्रज्ञांचा आक्षेप होता. ऊतीची एकूण रचना पाहिल्याशिवाय केवळ एकेका पेशीवरून कर्करोग ठरवणे त्यांना धोक्याचे वाटत होते.

या आक्षेपात त्या काळापुरते तथ्यही होते. रक्तस्राव किंवा वेदना सुरू झालेली स्त्री डॉक्टरांकडे आल्यावर गाठ डोळ्यांना दिसतच असे. अशा वेळी पेशीपरीक्षणाने फारसा लाभ होण्यासारखा नव्हता. कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांची तपासणी करावी, हा विचारच त्या वेळी रुजलेला नव्हता. परिणामी बहुसंख्य रुग्णा रोग बळावल्यानंतरच उपचारासाठी येत आणि त्यांतील अनेकींना प्राण गमवावे लागत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गर्भाशयाचा कर्करोग हे अमेरिकन स्त्रियांच्या कर्करोगजन्य मृत्यूंचे प्रमुख कारण होते.

याच सुमारास रुमानियातील बुखारेस्ट येथे ऑरेल बाबेश हे विकृतिशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच दिशेने काम करीत होते. प्लॅटिनमच्या तारेच्या कडीने थेट गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन त्यांनी परीक्षण केले. १९२७ साली आपले निष्कर्ष त्यांनी रुमानियातील स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवले आणि एप्रिल १९२८ मध्ये एका फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. दोघांच्या पद्धती भिन्न होत्या आणि दोघांनाही परस्परांच्या कामाची कल्पना असल्याचा पुरावा नाही. बाबेश यांचे काम युरोपात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. या शोधाच्या श्रेयाची चर्चा होते तेव्हा त्यांचे नाव आदराने घेतले जाते, हे उचितच आहे.

बॅटल क्रीकनंतर पापानिकोलाऊ यांनी कर्करोगाचा विषय जवळजवळ बाजूला ठेवला. पुढील दहा वर्षे ते मुख्यतः संप्रेरके आणि ऋतुचक्र यांवर संशोधन करीत राहिले. आलेले नमुने जतन करण्याचा आणि प्रत्येकाची नोंद ठेवण्याचा परिपाठ मात्र त्यांनी सोडला नाही.

पुनरागमन आणि मान्यता

१९३९ साली स्टॉकर्ड यांचे निधन झाले आणि जोसेफ हिन्सी विभागप्रमुख झाले. हिन्सी यांनी पापानिकोलाऊ यांना कर्करोगाच्या संशोधनाकडे परतण्यास प्रोत्साहन दिले. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्रॉट यांची साथ त्यांना लाभली. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या स्रावाची तपासणी करण्याचा क्रम सुरू झाला. रोगाची शंका असो वा नसो, सर्वांचे नमुने घेण्यात येत होते.

या निर्णयाचे फळ लवकरच दिसून आले. वरवर निरोगी वाटणाऱ्या काही स्त्रियांच्या नमुन्यांत विकृत पेशी आढळल्या. पुढील तपासणीत गर्भाशयमुखाच्या वरच्या थरापुरताच मर्यादित असलेला, डोळ्यांना न दिसणारा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. या अवस्थेतून रोग खोलवर पसरण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात आणि त्या काळात छोट्या शस्त्रक्रियेने तो पूर्णपणे बरा होऊ शकतो. १९२८ साली विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. तुकडा कोठून काढायचा हेच ठाऊक नसते, तेव्हा झडलेल्या पेशी वाट दाखवतात.

१९४१ साली ट्रॉट यांच्यासमवेत लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. १९४३ साली गर्भाशयाच्या कर्करोगनिदानावरील दोघांचा ग्रंथ आला. त्यात तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या तपासणीचा आधार होता. हाशिमे मुरायामा या कुशल चित्रकाराने काढलेली पेशींची रंगीत चित्रे हे या ग्रंथाचे मोठे बलस्थान होते. पापानिकोलाऊ यांचे वय या वेळी साठ वर्षे होते.

काचपट्टीवरील रंगांचे शास्त्र

पेशीपरीक्षणाचे यश नमुना कसा जपला जातो यावर अवलंबून असते. काचपट्टीवरील स्राव हवेत सुकू दिला, तर पेशी फुगतात, केंद्रकाचा तपशील पुसट होतो आणि निदान चुकण्याचा संभव वाढतो. म्हणून ओला असतानाच तो अल्कोहोल व ईथर यांच्या समभाग मिश्रणात बुडवावा, असा दंडक पापानिकोलाऊ यांनी घालून दिला.

१९४२ साली त्यांनी रंजनाची सुधारित पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात हेमॅटॉक्सिलिनमुळे केंद्रक निळे-जांभळे होते. ऑरेंज जी या रंगाने शृंगद्रव्ययुक्त पेशी नारिंगी दिसतात. इओसिन आणि हिरव्या रंगाच्या मिश्रणाने इतर पेशींना त्यांच्या परिपक्वतेनुसार गुलाबी किंवा निळसर-हिरवी छटा येते. रंग पारदर्शक असल्यामुळे एकमेकींवर आलेल्या पेशीही आरपार पाहता येतात. किरकोळ फेरफार वगळता ही रंजनपद्धती आजही वापरात असून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

अन्य शरीरद्रवांकडे

गर्भाशयमुखाच्या स्रावात पेशी विपुल असतात. इतर शरीरद्रवांच्या बाबतीत तशी स्थिती नसते. मूत्राच्या पेलाभर नमुन्यात मूत्राशयाच्या अस्तरातून सुटलेल्या पेशी अत्यंत विरळ असू शकतात आणि त्या झपाट्याने खराब होतात. मूत्राचा एक थेंब नुसता काचेवर ठेवून पाहिल्यास बहुधा काहीच हाती लागत नाही. पेशींचे संहतीकरण, म्हणजे त्या कमी जागेत एकवटणे, येथे अपरिहार्य ठरते.

मूत्ररोगतज्ज्ञ व्हिक्टर मार्शल यांच्यासमवेत पापानिकोलाऊ यांनी १९४५ साली मूत्रातील गाळाच्या परीक्षणाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. मूत्राचा ताजा नमुना मिळताच त्यात अल्कोहोल मिसळायचे, म्हणजे पेशी तशाच टिकून राहतात. मग सेंट्रिफ्यूज यंत्रात नळी वेगाने फिरवायची. फिरण्याच्या जोराने पेशी तळाशी बसतात. वरचे पाणी ओतून टाकले की तळाशी उरलेल्या थेंबभर गाळात मूळ नमुन्यातील बहुतेक पेशी एकवटलेल्या असतात. हा गाळ अंड्यातील पांढऱ्या बलकाचा पातळ लेप दिलेल्या काचपट्टीवर पसरायचा, त्यामुळे रंग देताना पेशी धुऊन जात नाहीत. अशा क्रमाने तयार केलेल्या काचपट्टीवर मूत्राशयाच्या आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगाच्या पेशी ओळखता येऊ लागल्या.

याच धर्तीवर थुंकी, जठरातील स्राव, फुफ्फुसाच्या आवरणातील आणि उदरातील द्रव यांच्या अभ्यासाला वेग आला. प्रत्येक द्रवाच्या अडचणी वेगळ्या होत्या. थुंकीतील चिकट श्लेष्म्यात पेशी अडकून राहतात. जठरातील आम्ल व पाचकरस पेशींचा नाश करतात. उदरातील द्रवात रक्त आणि प्रथिने यांची गर्दी असते. शिवाय या पोकळ्यांच्या अस्तरातील निरोगी पेशीही दाह झाल्यावर कर्करोगाच्या पेशींसारख्या भासू शकतात. या सर्व अवयवांतील पेशींचे सचित्र वर्णन असलेला पापानिकोलाऊ यांचा ॲटलास १९५४ साली प्रसिद्ध झाला. झडलेल्या पेशींच्या अभ्यासाला स्वतंत्र वैद्यकीय शाखेचे रूप देणारा ग्रंथ म्हणून त्याची गणना होते.

पद्धतीचा प्रसार

१९४८ साली बॉस्टन येथे पेशीपरीक्षणावर राष्ट्रीय परिषद झाली आणि अमेरिकन कर्करोग संस्थेने या चाचणीचा पुरस्कार केला. पापानिकोलाऊ यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे डॉक्टर प्रशिक्षणासाठी येऊ लागले. हजारो काचपट्ट्या डॉक्टरांनी एकट्याने पाहणे शक्य नव्हते. त्यासाठी प्राथमिक छाननी करणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञांचा नवा वर्ग उदयास आला. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. १९५० साली पापानिकोलाऊ यांना प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल पारितोषिकाने मात्र त्यांना हुलकावणी दिली.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९४९ साली या चाचणीचा कार्यक्रम सुरू झाला. साठच्या दशकात नॉर्डिक देशांनीही तिचा अवलंब केला. तेथील अनुभव बोलका आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९६५ ते १९८२ या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आइसलँडमध्ये ८० टक्क्यांनी, फिनलंडमध्ये ५० टक्क्यांनी, तर नॉर्वेमध्ये केवळ १० टक्क्यांनी घटले. आइसलँड आणि फिनलंड यांनी देशभरातील स्त्रियांना ठरावीक अंतराने तपासणीसाठी बोलावण्याची व्यवस्था उभारली होती. नॉर्वेत त्या काळी जेमतेम पाच टक्के लोकसंख्येसाठी अशी व्यवस्था होती. चाचणीचा लाभ ती किती नियमितपणे आणि किती जणींपर्यंत पोहोचते यावर अवलंबून असतो, हे या आकडेवारीने दाखवून दिले.

अखेरची वर्षे

पापानिकोलाऊ यांची दिनचर्या अत्यंत कष्टाची होती. सुटीच्या दिवशीही ते सूक्ष्मदर्शकापुढे बसत. कर्करोग संशोधनाची स्वतंत्र संस्था उभारावी, ही त्यांची जुनी इच्छा होती. १९६१ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, न्यूयॉर्क सोडून त्यांनी फ्लोरिडा राज्यातील मायामी येथील कर्करोग संस्थेची सूत्रे हाती घेतली. परंतु तेथे त्यांना अवघे काही महिने मिळाले. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. मेरी यांनी पतीच्या पश्चात वीस वर्षे त्यांच्या कार्याला हातभार लावला. १९८२ साली त्यांचे निधन झाले. अमेरिकेने १९७८ साली पापानिकोलाऊ यांचे टपाल तिकीट काढले आणि ग्रीसने १९९५ साली दहा हजार ड्राख्माच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

पश्चात झालेली प्रगती

पापानिकोलाऊ यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९६६ साली, द्रवातील पेशी थेट काचपट्टीवर एकवटणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे वर्णन प्रसिद्ध झाले. हे उपकरण सायटोसेंट्रिफ्यूज म्हणून ओळखले जाते. त्यात काचपट्टीला लागूनच लहान कुपी बसवलेली असते आणि दोहोंच्या मध्ये भोक पाडलेला टिपकागद असतो. यंत्र फिरू लागले की पेशी भोकातून काचेवर जाऊन बसतात आणि पाणी टिपकागद शोषून घेतो. काही मिनिटांत लहानशा वर्तुळात पेशींचा एकसारखा थर तयार होतो. मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवासारख्या नमुन्यात, जेथे द्रव थोडा आणि पेशी त्याहून थोड्या, तेथे हे यंत्र विशेष उपयोगी ठरले. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी या द्रवात पोहोचल्या आहेत का, हे याच पद्धतीने तपासले जाते. पुढे १९९६ साली अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या नमुन्यांसाठी द्रवाधारित पद्धतीला मान्यता मिळाली. तिच्यात पेशी आधी जतनद्रवात घेऊन नंतर गाळणीच्या साहाय्याने काचेवर पातळ थरात उतरवल्या जातात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर प्रतिबंधक लस आणि विषाणूची थेट चाचणी ही नवी साधने पुढे आली. या संदर्भात महाराष्ट्रातील उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात झालेला अभ्यास जगभर उल्लेखिला जातो. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा त्यात समावेश होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूचाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पेशीपरीक्षणाने तेवढी घट दिसून आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्राथमिक तपासणीसाठी विषाणूचाचणीला प्राधान्य देण्याची शिफारस केली.

पापानिकोलाऊ यांच्या पद्धतीच्या मर्यादा यावरून स्पष्ट होतात. ती वारंवार करावी लागते. काचपट्टी वाचणारे प्रशिक्षित डोळे तिला लागतात. मूत्राशयाच्या सौम्य स्वरूपाच्या गाठींतील पेशी तर निरोगी पेशींसारख्याच दिसत असल्याने तिच्यातून निसटतात. तथापि, विषाणूचाचणीत दोष आढळल्यानंतर पुढील छाननीसाठी अनेक देशांत पेशीपरीक्षणाचाच आधार घेतला जातो. अन्य शरीरद्रवांच्या बाबतीत तर ते निदानाचे प्रमुख साधन आहे.

भारतात २०२२ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णांची आणि सुमारे ८० हजार मृत्यूंची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजात आहे. यांतील बहुतांश स्त्रियांच्या शरीरात रोगाची पूर्वावस्था अनेक वर्षे अस्तित्वात होती आणि त्या काळात ती शोधून काढणे शक्य होते. त्या पूर्वावस्थेचा माग झडलेल्या पेशींतून काढता येतो, हे पापानिकोलाऊ यांनी आठ दशकांपूर्वी सिद्ध केले होते. तपासणीची ही संधी प्रत्येक स्त्रीपर्यंत पोहोचवण्याचे काम अद्याप अपूर्ण आहे.